नैवेद्याची अट

चिखली, जि. बुलढाणा
पौष पौर्णिमा, १३ जानेवारी २०२५

प्रिय मार्तंडराव यांस,

सहदेवचा सप्रेम जयभीम.

तुमचे मार्गशीर्षातील पत्र वेळेवर पोहोचले. उत्तरास विलंब झाला, त्याचा दोष सर्वस्वी माझा. शरयूवहिनींचे गुडघे पुण्यात लिफ्टवर विसंबून आहेत आणि लिफ्ट विजेवर, हे तुमचे वाक्य आमच्या चांगुणेला वाचून दाखवले. ती म्हणाली, "वहिनीले म्हणा, आमच्या इथं वीज अशीही राहत नाही, म्हणून गुडघे शाबूत हायत." निरोप जसाच्या तसा कळवतो. माझी सवय तुम्हांला ठाऊक आहे. कोणी बोललेले शब्द मी शुद्ध करून लिहीत नाही. शाळेत जन्मभर मुलांची भाषा शुद्ध केली, तेवढे पुरे झाले.

आज पौर्णिमा असल्याने अष्टशील ग्रहण केले आहे. दुपारनंतर अन्न नाही, त्यामुळे संध्याकाळ लांबते आणि लेखणीला सवड मिळते. सकाळी विहारात वंदना झाली. पुढच्या ओळीत आता गुडघ्यांवर बसणारे कमी आणि खुर्च्या जास्त दिसतात. आपले वय विहारातही उघडे पडते.

गावच्या बातम्या विचारल्यात. मार्तंडराव, गाव आता जमिनीखेरीज दुसऱ्या कशाविषयी बोलत नाही. महामार्ग मेहकरावरून गेला आणि त्याची झळ म्हणा वा ऊब म्हणा, इथवर येऊन पोहोचली. मेहकर रस्त्याला जिथे आपण मुलांना वनभोजनास नेत असू, तिथे सोयाबीनच्या शेतात पांढऱ्या चुन्याच्या रेघा मारलेल्या आहेत. आधी बांधावर एक मोठी कमान उभी राहते, मग डांबर पडते, मग विजेचे खांब येतात. घर तेवढे कोणी बांधत नाही. प्लॉट घेणारे पुण्यात, संभाजीनगरात असतात. त्यांना राहायला यायचे नसते, भाव वाढण्याची वाट पाहायची असते. शेत मोडले आणि वस्ती झाली नाही, अशा मधल्या अवस्थेत किती जमीन पडून आहे, हे एसटीच्या खिडकीतून पाहिले की मन विषण्ण होते. रिकाम्या प्लॉटांवर गाजरगवत मात्र निष्ठेने वास करते.

जानेफळचा भागवत आठवतो ना? आपला विद्यार्थी, जो तुमच्या संस्कृतच्या तासाला द्विवचनात हटकून अडखळे. खतांचे दुकान बंद करून तो आता जमिनी आणि घरे यांचे व्यवहार जुळवतो. परवा त्याला मी एक जुना नियम सांगितला. भिक्खूला स्वतःसाठी कुटी बांधायची असेल तर जागा आधी संघाला दाखवावी. तिथे मुंग्यांचे वा वाळवीचे वारूळ नसावे, कोणाचे उभे पीक नसावे, आणि कुटीभोवती जुंपलेली बैलगाडी वळेल एवढी मोकळीक असावी. भागवतने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "गुरुजी, बैलगाडी वळवत बसलो तं माह्ये दोन प्लॉट कमी होतात." मी हसलो. नंतर बराच वेळ हसू आले नाही.

आमच्या घरमालकांनीही नोटीस दिली आहे. हे भाड्याचे घर पाडून खाली गाळे आणि वर फ्लॅट काढायचे आहेत. जूनपर्यंत मोकळे करून द्यावे, असे ते नम्रपणे म्हणाले. त्यांचे चुकते असे मी म्हणणार नाही. आयुष्यभर मी घर बांधले नाही. धाकट्या भावांची शिक्षणे, बहिणींची लग्ने आणि पुस्तके यांत पगार संपत गेला आणि त्याचा खेद कधी वाटला नाही. आमच्या प्रसेनजितची कृषी खात्यात इकडे बदली झाल्यापासून तो आणि सूनबाई समता घराच्या शोधात आहेत. पाहू.

आता तुमच्या घराविषयी. किल्ली माझ्यापाशी ठेवून गेलात, त्यानुसार दर रविवारी उघडतो, झाडतो, मागच्या लिंबाला पाणी घालतो. विक्रीचे काम तुमच्या सोहमने भागवतकडे सोपवल्यापासून माझे काम वाढले आहे. भागवत फाटकातूनच हाक मारतो, "गुरुजी, चाबी द्या बरं, पार्टी आली हाय." मी बरोबर जातो. एक विलक्षण गोष्ट सांगतो: घर पाहायला येणारे घर पाहत नाहीत. ते रस्त्यावर उभे राहून पुढची रुंदी पाहतात. एका गृहस्थाने पावलांनी समोरची बाजू मोजली आणि आत न येताच गाडीत बसले. ज्या खोलीत बसून आपण दोघांनी इतके वाचले, तिची किंमत शून्य आहे. असलीच तर उणे, कारण ती पाडण्याचा खर्च येतो.

केवळ एका जोडप्याने घर घर म्हणून पाहिले. तरुण नोकरदार, दोन मुले. त्यांतल्या तरुणीने स्वयंपाकघराची खिडकी उघडून पाहिली, कडाप्प्यावरून हात फिरवला, तुमच्या वाचनाच्या खोलीत थोडी उभी राहिली आणि म्हणाली, इथे मुलांचा अभ्यास होईल. त्यांचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. सोहमने ठरवलेली किंमत त्यांनी घासाघीस न करता मान्य केली होती. मग भागवतमार्फत उत्तर आले की, वास्तूला नैवेद्य दाखवणारे कुटुंब असेल तरच घर द्यावयाचे आहे.

म्हणून केवळ शास्त्रार्थ म्हणून विचारतो. तुमच्या वास्तुशांतीला मी हजर होतो. आग्नेय कोपऱ्यात खड्डा घेऊन, सप्तधान्यासह वास्तुपुरुषाची प्रतिमा ठेवून, तुम्ही वर फरशी बसवलीत, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. सणावारी त्या कोपऱ्यात पान ठेवत असा, तेही पाहिले आहे. घर विकल्यावर ते दायित्व कोणाकडे जाते? विकणाऱ्याकडे राहते, घेणाऱ्याकडे जाते, की घराबरोबरच असते? सवडीने लिहा.

वहिनींना नमस्कार, सोहम आणि भार्गवीला आशीर्वाद. चिमुकल्या नातीने श्लोक म्हणायला सुरुवात केली, हे वाचून आनंद झाला.

तुमचा,
सहदेव


चिखली
२ एप्रिल २०२५

प्रिय मार्तंडराव,

जयभीम. तुमचे पत्र फाल्गुनातच मिळाले. वास्तुपुरुषाविषयी तुम्ही चार पाने लिहिलीत आणि ती मी दोनदा वाचली. प्रतिष्ठापना झालेल्या वास्तूला उपाशी ठेवणे हा दोष विकणाऱ्यालाही लागतो, म्हणून घेणारा श्रद्धावान असावा असे पाहणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य ठरते, हा तुमचा निष्कर्ष. विवेचन नेहमीप्रमाणे बांधेसूद आहे. चार पानांत त्या तरुणाचे नाव मात्र तुम्ही कुठे विचारलेले नाही. मी थोडी वाट पाहिली होती, पुढच्या पत्रात तरी विचाराल म्हणून.

तो तरुण म्हणजे प्रसेनजित. खिडकी उघडून पाहणारी तरुणी म्हणजे समता.

हे मी पौषात का लिहिले नाही, याची कारणे मी स्वतःला अनेक दिली आणि ती सगळी सुसंस्कृत होती. मित्राच्या घराचा व्यवहार मित्राने करू नये; केला तर एकाला किंमत कमी घ्यावी लागते आणि दुसऱ्याला उपकार घ्यावे लागतात. म्हणून मीच प्रसेनजितला बजावले होते की, माझे नाव कुठेही येऊ देऊ नकोस. भागवतलाही सांगितले होते की, सोहमला फोनवर एवढेच सांग, एका नोकरदाराला घर हवे आहे. या मौनात मला मोठे सौजन्य वाटत होते.

नंतर जे घडले ते क्रमाने सांगतो. तुम्ही ते शेवटपर्यंत वाचावे, एवढी विनंती.

मागील पंधरवड्यात भागवत किल्ली मागायला आला. या वेळची पार्टी मेन रोडवरील एक व्यापारी होते. त्यांच्याबरोबर आर्किटेक्ट होता आणि त्याच्या हातात नकाशा. तळमजल्यावर सहा गाळे, वर दोन मजले. घर पाडूनच घ्यायचे आहे, त्यामुळे आत पाहण्यासारखे काही नाही, असे ते मोकळेपणाने म्हणाले. सज्जन माणूस आहे; मला खुर्ची दिली. सगळे गेल्यावर मी भागवतला ओट्यावर बसवून घेतले.

मी विचारले, "भागवत, यांना नैवेद्याची अट सांगितलीस का?"

तो म्हणाला, "त्याइले काऊन सांगू गुरुजी? ते तं घर पाडूनच राह्यले."

"आणि प्रसेनजितला का सांगितलीस?"

तो टोपी काढून डोके खाजवू लागला. वर्गात उत्तर येत नसे तेव्हा जसा खाजवे, तसाच. मग म्हणाला, "मी नाही सांगतली गुरुजी, मले तिकडून आली. सोहमभाऊनं फोनवर इचारलं, लोक कोण हायत. म्या म्हटलं, बौद्ध हायत, माणूस एक नंबर. ते म्हणले, बाबाले इचारून सांगतो. दोन दिवसानं फोन आला, का बाबा म्हणतात वास्तूले नैवेद्य दाखवणारे पाह्यजेत. आता याचा अर्थ मले नाही समजत का? आपल्याच लोकाईले द्याचं हाय त्याइले."

"आपले म्हणजे कोण?"

"घ्या! आता तुम्हाले शिकवू का म्या, आपले म्हणजे को..." एवढे बोलून तो थांबला. माझ्याकडे पाहिले. मग घाईघाईने म्हणाला, "तुमची गोष्ट येगळी हाय, गुरुजी."

तुमची गोष्ट वेगळी. मार्तंडराव, हे वाक्य मी जन्मभर ऐकत आलो. पहिल्या नोकरीत ऐकले, पहिली खोली भाड्याने शोधताना ऐकले. प्रत्येक वेळी ते कौतुकाने म्हटले जाते आणि प्रत्येक वेळी त्यात बाकीच्यांना बाहेर उभे केलेले असते. भागवतवर मी रागावलो नाही. त्याला माझ्यासाठी खरोखर वाईट वाटत होते. जाता जाता त्याने उपायही सुचवला, "हो म्हणून द्या ना गुरुजी, दाखवतो म्हणा नैवेद्य. पुण्याहून कोण पाहाले येते कोपरा?"

हाच उपाय घरीही निघाला. प्रसेनजित म्हणाला, "आबा, एक वाटी भात कोपऱ्यात ठेवला तं काय बिघडलं? जूनमधी आपल्याले रस्त्यावर याचं हाय. पोरं कुठं ठेवू मी?" त्याचे म्हणणे चुकीचे होते असे मी म्हणू शकत नाही. परंतु दीक्षेच्या वेळी घेतलेल्या प्रतिज्ञा मी मोडू शकत नाही, आणि पाळणार नाही ते पाळतो असे सांगून घर घेणे हे शीलाच्या विरुद्ध आहे. तुमच्याशी तर अधिकच. आमच्याकडे घरात जे काही कुशल कर्म घडते, त्याचे पुण्य दृश्य-अदृश्य सर्व प्राणिमात्रांना अर्पण करतात. तुमच्या फरशीखालच्या कोपऱ्यालाही त्यातून वगळले नसते. पण तो नैवेद्य नव्हे, आणि तो नैवेद्य आहे असे मी म्हणालो नसतो. म्हणून मी मुलाला नाही म्हटले. तुमच्या नेमाने दार लोटले होते. कडी माझ्या नेमाने घातली. हे मला मान्य आहे.

त्यावर प्रसेनजित म्हणाला, "मंग खोटं नका बोलू. खरं लिहा. पत्र लिहा काकाइले, का घर माह्या पोराले पाह्यजे. तुमच्या एका पत्रानं काम होते." समतानेही मान हलवली. मी म्हटले, पाहतो. आणि पाहिले नाही. रोज कागद समोर घेत असे आणि दुसरेच काही वाचत बसत असे.

एके दिवशी ताक घुसळता घुसळता चांगुणा म्हणाली, "तुम्ही त्याइले पत्र लिहत नाही, काऊन की उत्तराचं भेव वाटते तुम्हाले."

मी तिला मैत्रीतील संकोचाविषयी काहीतरी सांगू लागलो. तिने रवी थांबवली. म्हणाली, "संकोच नाही तो. मले शिकवू नका. तुम्हाले वाटते, इचारलं आन् त्याइनं नाही म्हटलं, तं मंग इतक्या वर्षांचं काय करू? म्हणून इचारतच नाही. घर गेलं तं गेलं, मित्र राहाला पाह्यजे. पोराचं घर घालवून असा मित्र वाचवून राह्यले तुम्ही."

तिला अक्षरओळख आमच्या लग्नानंतर झाली. माझी पुस्तके तिने कधी वाचली नाहीत. माझे मन मात्र तिला पहिल्यापासून वाचता येते, आणि त्यात काय लिहिले आहे हे मला तिच्याकडून कळते.

गेल्या शुक्रवारी प्रसेनजितने खामगाव रस्त्याला एका रो-हाऊसचा इसार दिला. गावापासून बरेच बाहेर आहे. नळ अजून आलेला नाही, टँकर येतो. मुलांची शाळा लांब पडेल. बैलगाडी राहो, मोटारसायकलही भोवती वळत नाही. शेजाऱ्याची भिंत तीच आपली भिंत. पावती घेऊन घरी आल्यावर तो माझ्याशी एवढेच बोलला, "तुमची दोस्ती सलामत राहो, आबा." मुलाच्या तोंडून असे वाक्य ऐकायला मिळावे, असे मी वागलो.

आता या पत्राचा कोणालाही लाभ नाही, म्हणून ते लिहू शकतो. तुमचे घर आम्हांला नको आहे. नको म्हणण्याची वेळ येईपर्यंत मी थांबलो, हेच माझे वागणे. मित्र आणि किल्ली सांभाळणारा या नात्याने दोन गोष्टी तुमच्या कानी घालतो.

पहिली ही की, तुमची अट ज्यांना लावली नाही ते गृहस्थ ज्येष्ठात जेसीबी आणणार आहेत. आग्नेय कोपऱ्यातील प्रतिमा मातीबरोबर ट्रॉलीत भरली जाईल आणि कुठल्या तरी ले-आउटच्या खड्ड्यात भराव म्हणून पडेल. हे सोहमला ठाऊक आहे की नाही, मला कल्पना नाही. तुम्हांला ठाऊक नसावे असे धरून चालतो.

दुसरी गोष्ट एक प्रश्न आहे. माझा तुमच्या श्रद्धेविषयी प्रश्न नाही. तिचा मी नेहमी आदर केला आणि तुम्ही माझ्या श्रद्धेचा. प्रश्न क्रमाचा आहे. सोहमने फोनवर 'बौद्ध' हा शब्द तुम्हांला सांगितला, त्यापूर्वी ही अट तुमच्या मनात होती काय?

शास्त्राधार नको. उत्तर तुमच्या हातचे असावे, सोहमच्या फोनवरून येऊ नये. चांगुणा म्हणाली ती भीती अजून आहे. ती असतानाच विचारतो आहे.

सहदेव


चिखली
२४ एप्रिल २०२५

प्रिय मार्तंडराव,

तुमच्या पत्राचा पहिलाच शब्द 'नव्हती' हा आहे. त्यापुढे संबोधन आहे, कुशल आहे, बाकी सर्व आहे. एवढ्या वर्षांत पत्राचा क्रम मोडताना तुम्हांला मी प्रथमच पाहिले. खोटे ऐकण्यापेक्षा खरे ऐकण्यात एक विसावा असतो, तो मला त्या क्षणी मिळाला. दुःख त्यानंतर झाले.

तुम्ही लिहिता की, मला नकार देणे तुमच्या स्वप्नातही आले नसते. कारण सहदेव घर घेईल आणि ते तुमचे असेल, ही कल्पनाच तुमच्या मनात कधी उगवली नव्हती. 'बौद्ध' हा शब्द ऐकून डोळ्यांपुढे जे कोणी आले, त्यांत मी नव्हतो, प्रसेनजित नव्हता. कोणी अनोळखी लोक होते आणि त्यांच्यासाठी अट सुचली. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. ते सगळ्यांत जास्त लागले आणि सगळ्यांत जास्त खरेही तेच आहे. तुम्ही ते गुळगुळीत करून लिहिले असते तर मी ते मान्य केले असते, आणि आपली मैत्री तशीच, पूर्वीसारखी, एका बंद खोलीत सुरक्षित राहिली असती. तुम्ही तसे केले नाही. मी तुमचा ऋणी आहे, हे लिहिताना मला जड जात नाही.

तरी एक सांगतो. ते अनोळखी लोकही आम्हीच होतो.

व्यापाऱ्यांचा व्यवहार थांबवल्याचे आणि घर प्रसेनजितला कोणत्याही अटीविना देऊ केल्याचे तुम्ही लिहिलेत. इसार बुडाला तर तो सोहम भरून देईल, असेही. मी ते पत्र घरात सर्वांसमोर मोठ्याने वाचले. यापुढे माझ्या एकट्याच्या मनात काही ठरणार नाही, असे मी ठरवले आहे. प्रसेनजित उठून बाहेर गेला आणि परत येऊन बसला. मग म्हणाला, "काका खरं बोलले, हे तं मानलं." चांगुणेने समताकडे पाहिले, कारण घर शेवटी तिला चालवायचे आहे.

समता म्हणाली, "आबा, घर तं चांगलंच हाय. मले लय आवडलं होतं. पण तिथं मले रोज कोणाचे न कोणाचे उपकार मानत राहा लागन. टँकरच्या पाण्यात भांडे घासन, पण मानेनं ताठ राहीन." नंतर मुलीला दटावत म्हणाली, "आन् तू काऊन रडून राह्यली बे, तुले काय झालं? लिंबू लावू आपण तिकडंही."

तेव्हा उत्तर नाही असे आहे. त्यात राग नाही, हे मी माझ्या शब्दावर सांगतो. समताच्या वतीने सांगू शकत नाही, तिचा राग तिच्यापाशी असेल आणि तो तिचा अधिकार आहे.

घर व्यापाऱ्यांना द्यावे. तुम्ही त्यांना नाही म्हणालात तरी पुढच्या वर्षी दुसरे कोणी तसाच नकाशा घेऊन येतील. त्या रस्त्यावर राहण्यासाठी आता कोणी घर घेत नाही. जी उभी आहेत ती भाव पुरेसा चढेपर्यंत उभी आहेत. हे कोणा एकाचे पाप आहे असे मला वाटत नाही. सर्व संस्कार अनित्य आहेत हे रोज म्हणणाऱ्याने चार भिंतींसाठी शोक करणे शोभत नाही, तरीही वाचनाची खोली रिकामी करताना मला थोडा वेळ लागेल, तेवढा द्यावा. तुमची राहिलेली पुस्तके मी खोक्यांत बांधून ठेवतो.

फरशीखालची प्रतिमा मात्र परक्या हाताने निघू नये. ती तुम्ही ठेवलीत, तुम्हीच विधिपूर्वक उचलून वाहत्या पाण्याला द्यावी. माझा त्यावर विश्वास नाही. तुमचा आहे, म्हणून ती ट्रॉलीत पडावी असे मला वाटत नाही. फरशी काढायला गवंडी मी पाहून ठेवतो. भागवत म्हणतो, तोही येईल, पहार धरायला. त्यालाही कुठेतरी टोचले असावे.

वैशाख पौर्णिमेला, १२ मे रोजी, आम्ही खामगाव रस्त्याच्या घरात राहायला जातो. सकाळी भन्तेजींचे परित्राण पाठ आहेत. भिंतींना रंग नसेल, पंखा एकच असेल. तुम्ही आणि वहिनी आदल्या दिवशी यावे. तुमचा विधी आदल्या दिवशी आटोपेल आणि दुसऱ्या दिवशी आमचा. लॉजवर उतरू नये. खोली आहे.

आता शेवटचे लिहितो आणि ते चांगुणेच्या सांगण्यावरून लिहितो.

आपली ओळख झाल्यापासून तुम्ही आमच्याकडे असंख्य वेळा आलात. चहा घेतलात, पेरू घेतलेत, एकदा एकादशी होती म्हणून दूध घेतलेत. पानावर मात्र कधी बसला नाहीत. जेवणाची वेळ प्रत्येक वेळी कशी कोण जाणे टळत गेली. मी ते कधी मनात आणले नाही, अशी माझी समजूत होती. चांगुणेने आणले होते. ती मला विचारायची आणि मी तुमच्या वतीने तिला कारणे देत असे: नेम असेल, सोवळे असेल, चातुर्मास चालू असेल, प्रकृती बरी नसेल. सगळी कारणे मी स्वतः तयार केलेली होती. तुम्हांला ती द्यावी लागू नयेत, एवढी काळजी मी घेत आलो.

या वेळी मी तिला काही सांगणार नाही. ती आत पीठ चाळते आहे आणि तिथूनच म्हणाली, "त्याइलेच इचारा ना. पौर्णिमेच्या दिवशी पंगतीत दोघांचं पान मांडू, का नको मांडू?"

कळवावे.

सहदेव